शेवटच्या प्याद्याचे मोल

बुद्धिबळाच्या स्पर्धेत प्रेक्षकांची नजर डावाच्या आरंभावर आणि मध्यातील चढाईवर खिळलेली असते. वजीर, उंट, घोडे पटावरून उतरले, दोन राजे आणि मोजकी प्यादी उरली, की ‘आता काय राहिले?’ असे म्हणून पाहणारा उठू लागतो. वस्तुतः खरा हिशेब तेव्हाच सुरू होतो.

गतवर्षी, २८ जुलै २०२५ रोजी, जॉर्जियातील बातुमी येथे याचा प्रत्यय आला. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशच्या अनुभवी ग्रँडमास्टर कोनेरू हम्पी समोरासमोर होत्या. हम्पी यांनी २०१९ आणि २०२४ अशी दोनदा जलद प्रकारातील जगज्जेतेपदाची कमाई केलेली. प्रदीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्याने निर्णय जलद डावांवर आला. त्यातील पहिलाही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाच्या दडपणाखाली हम्पी यांच्याकडून चुका झाल्या आणि डावाच्या अंतिम टप्प्यात दिव्याचे पारडे जड झाले. तरी हाती आलेला फायदा मध्येच निसटू पाहत होता. अखेर तिने तो राखला आणि २.५–१.५ असा विजय मिळविला. या स्पर्धेपूर्वी ग्रँडमास्टरचा एकही निकष पूर्ण न केलेली ही मुलगी त्या एका विजयाने भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

विशेष हे, की जिंकल्यानंतर तिने स्वतःच सांगितले : डावाच्या अंतिम टप्प्याचा अभ्यास मला अजून करावयाचा आहे. विजयाच्या क्षणी स्वतःची उणीव उघडपणे सांगणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

या टप्प्याचे नियम थोडे, पण काटेकोर आहेत. एरवी आडोशाला बसणारा राजा येथे लढवय्या होतो व पटाच्या मध्याकडे निघतो. एक प्यादे अधिक असेल, तर मोहऱ्यांची अदलाबदल करावी, प्याद्यांची मात्र जपून. राजा व एकच प्यादे उरले असता आपला राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोहोचला, तर कडेच्या प्याद्याचा अपवाद वगळता विजय निश्चित असतो. हत्तीच्या डावात पुढे धावणाऱ्या प्याद्याच्या मागे हत्ती ठेवणे बहुधा हिताचे. तरीही हत्ती-प्याद्यांच्या लढतीत एक प्यादे वरचढ असूनही डाव अनेकदा बरोबरीत सुटतो, हे अनुभवी खेळाडू जाणतात. एका घराचा, एका चालीचा फरक सारे बदलून टाकतो.

१९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता असलेला क्यूबाचा कापाब्लांका म्हणूनच सांगत असे, की शिकणाऱ्याने आरंभ शेवटापासून करावा. थोडी मोहरी असली की प्रत्येकीचे सामर्थ्य नीट उमगते.

व्यापारी कुटुंबांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. हंगामाची मोठी उलाढाल सर्वांना दिसते. घर मात्र चालते ते उधारी वसूल होऊन, व्याज वजा जाऊन जे उरते त्यावर. वरचढ स्थिती म्हणजे वसूल न झालेले येणे होय. ते हाती येईपर्यंत वहीत जमा धरता येत नाही.

मोहाडी, तुमसर, भंडारा या पट्ट्यातील मुलांना नागपूर परके नाही. त्यांच्यासाठी घरीच एक उपक्रम सहज करता येईल. दुकान वाढविल्यानंतर रात्री पंधरा मिनिटे पट मांडावा. त्यावर दोन राजे आणि एकच प्यादे ठेवावे. मुलाने एकदा प्याद्याच्या बाजूने खेळावे, एकदा त्याच्या विरुद्ध. जिंकलेला डाव जिंकून दाखविणे आणि हरत आलेला डाव वाचविणे, या दोन्ही विद्या त्या एका प्याद्यापासून शिकता येतात. पुस्तकातल्या लांबलचक आरंभचाली पाठ करण्यापूर्वी एवढे साधले, तर मूल स्पर्धेत शेवटपर्यंत खुर्चीवर शांत बसेल. आणि पुष्कळ डाव त्या शांतपणावरच जिंकले जातात.