वाचा-उपचार : एका व्यवसायाचा जमाखर्च

वाचा-भाषा उपचारशास्त्र हे बोलणे, भाषा, आवाज आणि गिळणे या क्रियांमधील दोष ओळखून त्यांवर उपचार करण्याचे शास्त्र आहे. या क्षेत्रातील तज्ज्ञाला लोक ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणून ओळखतात. दोन वर्षांचे होऊनही न बोलणारे मूल, अडखळत बोलणारा तरुण, पक्षाघातानंतर शब्द न सुचणारे आजोबा, वर्गात शिकवून आवाज बसलेली शिक्षिका, टाळू दुभंगलेले बाळ, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेला रुग्ण असे सारे त्याच्याकडे येतात. गिळण्याचा त्रास या यादीत कसा, असा प्रश्न अनेकांना पडतो. ओठ, जीभ आणि घसा यांचे जे स्नायू शब्द घडवतात तेच घासही पुढे ढकलतात. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊन जिवावर बेतू शकते.

या शाखेच्या शिक्षणासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात हे शिक्षण अनेक दशके दिले जात आहे. वांद्र्यातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि व्यवसाय करण्यासाठी तिच्याकडे नोंदणी बंधनकारक झाली.

शिक्षणाची वाट

विज्ञान शाखेतून बारावी झाल्यावर बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी घेता येते. त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात. या एका पदवीत श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषाशास्त्र दोन्ही शिकवले जाते. श्रवणयंत्र बसवणे, कानाची तपासणी करणे आणि वाचा-उपचार करणे या सर्वांचे दरवाजे त्यामुळे उघडे राहतात. पुढे दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात एका शाखेत विशेष प्रावीण्य मिळवता येते.

जमेची बाजू

पहिला लाभ कामाच्या विविधतेचा. तज्ज्ञाची सकाळ अतिदक्षता विभागातील रुग्णाची गिळण्याची तपासणी करण्यात जाते, तर दुपार स्वमग्न मुलासोबत खेळण्यात. त्याला शरीरशास्त्र, मेंदूविज्ञान, भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र एकत्र वापरावे लागते. जिज्ञासू माणसाला या कामाचा कंटाळा येणे कठीण.

दुसरा लाभ मागणीचा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. त्यांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा दोष यांना स्वतंत्र स्थान मिळाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाड्या-शाळांमधील मुलांची तपासणी होते आणि दोष आढळलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेने कर्णबधिर मुलाला आवाज पोहोचू लागतो, पण त्या आवाजाचा अर्थ लावणे आणि स्वतः बोलणे शिकवण्यासाठी महिनोन्‌महिने उपचार लागतात. शस्त्रक्रिया वाढल्या की त्या प्रमाणात या तज्ज्ञांची गरजही वाढते.

तिसरा लाभ स्वातंत्र्याचा. श्रवणतपासणीला ध्वनिरोधक खोली आणि महागडी यंत्रे लागतात. वाचा-उपचार मात्र शांत खोली, आरसा, चित्रे आणि खेळणी यांवर सुरू करता येतात. शाळा, रुग्णालय, स्वतःचे केंद्र, घरी जाऊन उपचार असे पर्याय असतात आणि अर्धवेळ कामही शक्य असते. कोविडनंतर दूरस्थ उपचार रुळले, त्यामुळे परदेशातील मराठी कुटुंबापर्यंतही मातृभाषेतील उपचार पोहोचू शकतात. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना तिथला परवाना मिळवावा लागतो. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीनंतर साधारण ३६ आठवड्यांची देखरेखीखालील उमेदवारी करावी लागते.

या सर्वांहून मोठा लाभ समाधानाचा. मुलाने पहिल्यांदा ‘आई’ अशी हाक मारणे किंवा पक्षाघात झालेल्या गृहस्थाने नातवाचे नाव घेणे यांचे मोल कोणत्याही पगारपत्रकात मांडता येत नाही.

खर्चाची बाजू

सर्वांत मोठी अडचण संथ प्रगतीची. आठवड्यातील दोन-तीन तासांच्या उपचाराने भागत नाही, घरी रोज सराव लागतो. तो झाला नाही की प्रगती थांबते आणि दोष मात्र उपचाराला दिला जातो. लहान मुलांचे उपचार खेळातून होतात, त्यामुळे ‘इथे नुसते खेळवतात’ अशी तक्रार पालक करतात. पार्किन्सनसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात बोलणे शक्य तितका काळ टिकवणे, एवढेच हाती असते. पालकांच्या आशा आणि वास्तव यांच्यामध्ये उभे राहण्याचा मानसिक ताण मोठा असतो.

दुसरी अडचण उत्पन्नाची. सुरुवातीचे पगार बेताचे असतात. सरकारी कायम पदे थोडी आहेत आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पदे कंत्राटी असतात. खासगी कामात पैसे तासावर मिळतात, म्हणून रुग्ण आला नाही तर तो तास वाया जातो. दीर्घकाळ चालणारे हे उपचार आरोग्यविम्यात सहसा बसत नाहीत. ज्या कुटुंबांना गरज सर्वाधिक असते, तीच अनेकदा मध्येच थांबतात.

तिसरी अडचण ओळखीची. या शाखेची माहिती अनेक डॉक्टरांनाही पुरेशी नसते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीपोटी मूल उशिरा पोहोचते आणि भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे निघून जातात. कायद्यात शिक्षेची तरतूद असूनही नोंदणी नसलेली माणसे हे उपचार करताना आढळतात.

चौथी अडचण साधनांची, आणि मराठीपुरती ती विशेष जाणवते. प्रमाणित चाचण्या मुख्यतः इंग्रजीसाठी रचलेल्या आहेत. मराठीतले ‘ळ’, ‘ण’ किंवा ‘च’चे दोन उच्चार त्यांत बसत नाहीत. वऱ्हाडी मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणते तेव्हा ती त्याची बोली असते, दोष नव्हे. हे न कळणारा तज्ज्ञ निरोगी मुलावर उपचार सुरू करील. इंग्रजी शाळेसाठी घरातली मराठी बंद करा, असा सल्लाही पालकांना मिळतो. प्रत्यक्षात दोन भाषा ऐकल्याने भाषादोष निर्माण होत नाही, हे संशोधनाने दाखवून दिले आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर आधारित संवादसाधन मराठीतही उपलब्ध आहे. अशी साधने मात्र अजून फार थोडी आहेत.

यात शारीरिक शीण मिळवावा लागतो. दिवसभर बोलणे, मुलांसोबत जमिनीवर बसणे आणि संध्याकाळी प्रत्येकाची नोंद लिहिणे हे रोजचेच असते.

कोणासाठी हा व्यवसाय

झटपट निकाल, मोठी प्रतिष्ठा किंवा लवकर पैसा हवा असणाऱ्याने दुसरा मार्ग निवडावा. ऐकण्याची सवय, भाषेविषयी कुतूहल, चिकाटी आणि कुटुंबाला सोबत घेण्याची हातोटी असणाऱ्याला मात्र हे क्षेत्र भरभरून देते. प्रवेशापूर्वी एखाद्या रुग्णालयात किंवा विशेष शाळेत काही दिवस हे काम प्रत्यक्ष पाहावे आणि नोंदणीकृत तज्ज्ञांशी बोलावे.

वरील बहुतेक तोटे कामाच्या स्वरूपातून नव्हे, तर व्यवस्थेच्या उणिवांतून आले आहेत. जिल्हा रुग्णालयांत कायम पदे, विम्याचे संरक्षण आणि मराठी व तिच्या बोलींसाठी प्रमाणित चाचण्या या तीन गोष्टी झाल्या, तर तज्ज्ञ शहराबाहेरही टिकतील आणि उपचार गरजूंपर्यंत वेळेत पोहोचतील.