रात्रीची मावशी ठेवताना आम्ही कोणता प्रश्न विचारलाच नाही

हा भाग ऐकला असेल तरी एकदा वाचूनही काढा. मध्ये काही गोष्टी लिहून घेण्यासारख्या आहेत, आणि लोकलच्या गर्दीत कोण कशाला वही काढतंय.

तर, रात्रीचे पावणेतीन. डोंबिवलीतलं आमचं घर. धप्प असा आवाज आला म्हणून मी उठून धावलो, तर आजी बाथरूमच्या दारात बसलेली. वॉकर पलंगापाशीच. आणि आजीसाठी ठेवलेल्या मावशी खुर्चीत गाढ झोपलेल्या. त्यांची फक्त तिसरी रात्र होती. खुब्याच्या ऑपरेशनला जेमतेम महिना झालेला. सुदैवानं एक्स-रेमध्ये काही निघालं नाही, मांडीवर हातभर काळानिळा डाग तेवढा पडला.

सकाळी आईनं ब्युरोला फोन करून चांगलं झापलं. मीही चिडलोच होतो. पण मावशी निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "दादा, दिवसाची पण ड्युटी आहे माझी. कल्याणला. आठ ते आठ." म्हणजे त्या बारा तास तिकडे काम करून, लोकलनं येऊन, आमच्याकडे बारा तास जागायच्या. आम्ही ब्युरोला अनुभव विचारला, आधार कार्ड मागितलं, पैशांवरून घासाघीस केली. दिवसा तुम्ही झोपता का, हे मात्र एकानंही विचारलं नाही. आम्ही एका रात्रीचे आठशे ठरवले होते, त्यातला काही भाग ब्युरोचा. तेवढ्यात घर चालत नाही म्हणून दुसरी ड्युटी. आता मला वाटतं, माणूस निवडताना पहिला प्रश्न हाच हवा, आणि उत्तर डबल ड्युटी असेल तर माणूस कितीही चांगला असला तरी रात्रीसाठी नको.

दुसरी चूक त्याच्याही आधीची. ब्युरोवाल्यानं फोनवर विचारलं, "पेशंटला काय लागतं रात्री?" मी म्हटलं, "काही नाही, फक्त सोबत." हे साफ खोटं होतं. आजी रात्री काय करते, मला माहीतच नव्हतं. मी आपला दार लावून झोपायचो!

म्हणून त्या प्रकारानंतर बाबा आणि मी तीन रात्री आळीपाळीनं जागलो आणि फोनच्या नोट्समध्ये वेळा टाकत गेलो. चित्र असं निघालं: आजी चार वेळा लघवीला उठते. पहिल्या दोन वेळा हाक मारते. पहाटेच्या वेळी मारत नाही, कारण "तुमची झोप कशाला मोडायची". एका रात्री दीडच्या सुमारास तिला आपण नाशिकच्या माहेरच्या घरात आहोत असं वाटत होतं, आणि ती मागच्या अंगणात जायला निघाली होती. हे ऐकल्याबरोबर डॉक्टरांनी लघवी आणि रक्त तपासायला सांगितलं. वय झालेल्या माणसाचा असा अचानक गोंधळ उडाला तर "म्हातारपण" म्हणून सोडून द्यायचं नाही. लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं, एखादं नवीन औषध, काहीही असू शकतं. आजीला इन्फेक्शन निघालं, आणि गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याभरात माहेरच्या वाऱ्या थांबल्या. म्हणजे आधी रात्र बघितली असती तर कदाचित ती पडलीही नसती.

तुमच्या घरी कोणाला ठेवायचं, हे या नोंदीवरूनच ठरतं. उठताना हात द्यायचा, कमोडवर बसवायचं, डायपर बदलायचा, पाणी द्यायचं, एवढंच असेल तर अनुभवी मावशी किंवा पुरुष पेशंटसाठी मामा पुरतात. जीडीए म्हणून काही महिन्यांचा कोर्स केलेली मुलंमुलीही असतात. पेशंट पूर्ण अंथरुणाला खिळलेला असेल, साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागत असेल, तर असा शिकलेला माणूस बरा. कारण माकडहाड आणि टाचा रोज बघून, लाली दिसली तर सकाळी सांगावी लागते. त्याकडे दुर्लक्ष झालं की बेडसोअर झालाच म्हणून समजा. आणि घशातली कफ सक्शननं काढायची असेल, सलाईन किंवा शिरेतून इंजेक्शन असेल, तर एएनएम किंवा जीएनएम झालेली नर्सच लागते. तिची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. नंबर मागायला लाजू नका. पांढरा कोट घातला म्हणून कोणी सिस्टर होत नाही. उलटही खरं आहे. आमच्या आजीला नर्सची काहीच गरज नव्हती. तिला एक टक्क जागा असलेला माणूस हवा होता.

नाकातल्या नळीतून जेवण असेल तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ हवी: भरवताना आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास पेशंटची पाठ उंच ठेवायची. आणि नळी निघाली तर मावशीनं ती परत घालायला जायचं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही ब्युरोकडून दोघींना घरी बोलावलं. आजीसमोर. पहिल्या वेळी आजीला विचारलंच नव्हतं, म्हणून ती हाक मारत नव्हती, हे नंतर तिनंच सांगितलं. "परक्या बाईला संडासाला कशी सांगू?" पहिल्या ताई आल्या त्या आईशी बोलत बसल्या: आजी जेवतात का, आजींना शुगर आहे का. दुसऱ्या सरळ पलंगापाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, रात्री कोणत्या कुशीवर झोपता?" मुलाखत तिथेच संपली. पण मी तरी एक करून घेतलं. म्हटलं, आजीला उठवून दाखवा. त्यांनी आधी चष्मा दिला, मग पाय खाली सोडून आजीला दोनेक मिनिटं नुसतं बसवून ठेवलं, चक्कर येतेय का विचारलं, आणि मग वॉकर पुढे आणला. काखेत हात घालून खेचलं नाही. अनुभवाचं सर्टिफिकेट बघण्यापेक्षा हे बघा.

कागदपत्रं मात्र सोडायची नाहीत. ओळखपत्र, पोलीस व्हेरिफिकेशन, आधीच्या एका घराचा फोन नंबर, आणि त्या घरी खरंच फोन करायचा. मावशी आल्या नाहीत तर बदली कोण आणि किती वाजेपर्यंत, हे ब्युरोकडून लिहून घ्या. पावसाळ्यात गाड्या बंद पडतात, तेव्हा हा कागद कामाला येतो. आणि कपाटाला कुलूप लावायचं ते पहिल्या दिवसापासूनच लावा. काही हरवल्यावर लावलं तर तो आरोप होतो.

कॅमेऱ्याचं आमच्याकडे मोठं भांडण झालं. बाबांना हवा होता. मी म्हटलं, आजीचा डायपर बदलतानाचं चित्रीकरण तुमच्या फोनवर कशाला? शेवटी कॅमेरा पॅसेजमध्ये लागला, आजी आणि मावशी दोघींना सांगून. आजीच्या खोलीत फक्त बिनतारी बेल. एक बटण तिच्या उशाशी, आवाज माझ्या खोलीत.

आता मावशी जाग्या राहाव्यात म्हणून आपण काय केलं पाहिजे, तेही सांगतो. आम्ही ब्युरोशी बोलून रात्रीचे दोनशे वाढवले आणि अट घातली की दिवसाची ड्युटी घ्यायची नाही. आठवड्याला एक सुट्टी, त्या रात्री मी किंवा बाबा. पाठीला आधार असलेली खुर्ची, मंद दिवा, चहाचा थर्मास, वापरायला आपलंच बाथरूम. त्यांच्यासाठी वेगळा कप ठेवायची कल्पना आमच्याकडेही एका नातेवाइकांनी काढली होती. आजीनंच ती हाणून पाडली.

भिंतीवर एक कागद चिकटवलाय, कशासाठी आम्हाला उठवायचंच: पडली तर, छातीत दुखलं किंवा दम लागला तर, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं तर, अचानक भलतंच बोलायला लागली तर. खाली 108 ठळक. आजीला शुगर आहे, म्हणून घाम आणि थरथर सुटली की आधी तपासायचं. 70 च्या खाली असेल आणि ती शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात द्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट 108. गोळ्या आम्ही डबीत भरून ठेवतो, मावशी फक्त त्याच देतात. आणि "आजी झोपत नाही, झोपेची गोळी द्या" असं कोणी सुचवलं तर डॉक्टरांशिवाय देऊ नका. गुंगीत उठलेलं माणूस हमखास पडतं.

शिवाय एक वही आहे. कालच्या पानावर एवढंच आहे: 11.40 लघवी. 2.10 लघवी, पाणी. 4.30 जागी, पाय दुखतो म्हणाल्या, उशी दिली. 5.15 झोप.

आजीचं म्हणणं आहे, पुढच्या महिन्यापासून मावशी नकोत, मी आता ठणठणीत आहे. बाबांनी सांगितलं, आधी परत तीन रात्रींची नोंद ठेवू, मग बघू. त्यावर आजीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "नोंद हा ठेवणार? मग ह्याच्यासाठी पण एक मावशी बोलवा."