नायट्रो इंजिन: थंड ब्रेक-इनचा हट्ट आणि इतर गैरसमज

रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या नायट्रो गाडीचं नवं इंजिन हातात आलं, की सल्ला ठरलेला असतो. "पहिल्या चार-पाच टाक्या नुसत्या स्लोवर जाळ. गाडी स्टँडवर ठेव, मिक्श्चर एकदम रिच कर आणि इंजिन अजिबात तापू देऊ नकोस." सांगणारा या छंदातला जुना माणूस असतो, त्याच्या आवाजात कळकळ असते, त्यामुळे ऐकणारा शब्दही न काढता तसंच करतो. तास-दीड तास गाडी जागच्या जागी धूर सोडत, सायलेन्सरमधून तेल गाळत उभी राहते. मग मैदानात उतरते, सुरुवातीला बरी पळते आणि चांगली गरम झाली की स्लोवर टिकेनाशी होते. दर वळणावर बंद. दोष कंपनीला जातो, नाहीतर इंधनाला. खरं तर त्या इंजिनाचं निम्मं आयुष्य स्टँडवरच संपलेलं असतं.

हा सल्ला आला कुठून ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे नवी मोटारसायकल घेतली की पहिले हजार किलोमीटर ती चाळीस-पन्नासच्या वर न्यायची नाही, हे घरातले सगळेच सांगतात. त्या इंजिनात पिस्टनला रिंगा असतात आणि त्या सिलिंडरच्या भिंतीला हळूहळू घासून बसाव्या लागतात. आपल्या मुठीत मावणाऱ्या नायट्रो इंजिनात मात्र सहसा रिंग नसतेच. तिथे सगळी कॉम्प्रेशन पिस्टन आणि स्लीव्ह यांच्या नुसत्या मापावर टिकते. मोटारसायकलचा नियम इथे लावणं म्हणजे चुकीच्या यंत्राची काळजी घेणं.

ही रचना नीट पाहिली तर पुढचं सगळं आपोआप कळतं. बहुतेक गाड्यांच्या इंजिनांत एबीसी पद्धत असते: पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेचं आणि स्लीव्हच्या आतून क्रोमचा कठीण मुलामा. हे स्लीव्ह आतून सरळ नळीसारखं नसतं. वरच्या टोकाला ते किंचित अरुंद केलेलं असतं. थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवलं, तर पिस्टन वर पोचताना जो अडकल्यासारखा घट्टपणा जाणवतो, त्याला पिंच म्हणतात. नवशिके इथे घाबरतात. "इंजिन जाम आहे" म्हणून परत घेऊन येतात, काही जण तर पकडीने फ्लायव्हील पिळतात. घट्ट पिंच हे नव्या इंजिनाच्या चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे.

हा घट्टपणा थंडपणी असतो, गरम झाल्यावर नसतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. हिशेब कुणालाही करता येईल. पितळ दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे साधारण 19 मायक्रॉन वाढतं. 21 साइजच्या, म्हणजे साधारण साडेतीन सीसीच्या इंजिनाचा बोअर असतो सव्वासोळा मिलिमीटरच्या आसपास. स्लीव्हचं वरचं टोक 30 अंशांवरून 110 अंशांवर गेलं, तर हा बोअर सुमारे 25 मायक्रॉननी रुंदावतो. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. साधं ॲल्युमिनियम पितळापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून पिस्टनच्या मिश्रधातूत भरपूर सिलिकॉन घालून त्याचं प्रसरण पितळाच्याही खाली आणलेलं असतं. स्लीव्हचा वरचा भाग ज्वलनकक्षाजवळ असल्यामुळे सगळ्यात जास्त तापतो, सगळ्यात जास्त फुगतो, आणि अरुंद टोक जवळजवळ सरळ होतं. पिस्टनला तेव्हाच मोकळी वाट मिळते.

आता तेच इंजिन भरपूर रिच करून स्लोवर चालवलं तर काय होतं? जादा इंधन आतून गारवा आणतं, स्लीव्ह फुगतच नाही, आणि पिस्टन मिनिटाला हजारो वेळा त्या अरुंद गळ्यात कोंबला जातो आणि ओढून काढला जातो. क्रोम कठीण, ॲल्युमिनियम मऊ. झिजतो तो पिस्टन, आणि नेमका त्या कडेला झिजतो जिच्यावर पुढची सगळी कॉम्प्रेशन अवलंबून आहे. प्रत्येक ओढीचा ताण कनेक्टिंग रॉडवर आणि क्रँकपिनवर येतो तो वेगळाच. चार टाक्यांनी फ्लायव्हील हाताला हलकं लागायला लागतं आणि मालक म्हणतो, "चला, इंजिन मोकळं झालं." मोकळं झालं नाही, झिजलं. गरम झाल्यावर स्लीव्ह फुगलं की आता पिस्टन आणि भिंत यांच्यात फट पडते, कॉम्प्रेशन पळते आणि गाडी स्लोवर मरते.

मग करायचं काय? इंजिन सुरू करण्याआधी हीट गनने किंवा घरातल्या हेअर ड्रायरने हेड चांगलं तापवा, हात लावता येणार नाही इतकं. मिक्श्चर थोडं रिच असू द्या, कारण इंधनातूनच तेल मिळतं, पण हेडचं तापमान 90 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं पाहिजे. थंडीच्या दिवसांत ते राहत नसेल तर हेडच्या पात्यांभोवती ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. आणि गाडी उभी ठेवू नका, चालवा. थ्रॉटल हळूहळू वाढवत न्यायचं, मध्ये सोडायचं, पुन्हा वाढवायचं. ट्रॅक्सससारख्या मोठ्या कंपनीची ब्रेक-इनची पद्धतसुद्धा गाडी चालवत टाकी-टाकीने थ्रॉटल वाढवण्याचीच आहे. शंका असेल त्याने पुस्तिका उघडावी, खोक्यात फुकट मिळते.

बंद करतानाची एक सवय या सगळ्याइतकीच मोलाची आहे. इंजिन थांबलं की पिस्टन वरच्या टोकाला राहिला, तर थंड होणारं स्लीव्ह त्याला आवळून धरतं. म्हणून फ्लायव्हीलवर मार्करने एक खूण करून ठेवावी: खूण अमुक जागी आली की पिस्टन खाली आहे. गाडी बाजूला ठेवण्याआधी त्या खुणेवर फ्लायव्हील आणून ठेवायचं. पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरा गैरसमज टायमिंगचा. "नीडल फिरवून टायमिंग बसवून दे" असं सर्रास म्हटलं जातं. नीडल इंधनाचं प्रमाण बदलते. टायमिंग या इंजिनात दोन प्रकारचं असतं आणि थेट नीडलवर त्यातलं एकही नसतं. पहिलं पोर्टांचं. एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडं राहायचं हे स्लीव्हच्या खिडकीच्या उंचीने ठरतं. गाड्यांच्या इंजिनांत ते साधारण 170 ते 180 अंश असतं, ट्रान्सफर पोर्टांचं 120 ते 130. ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये वळवून आत सोडायची ही पद्धत अडॉल्फ श्नुर्ले या जर्मन अभियंत्याने 1920च्या दशकात आणली आणि आपली छोटी इंजिनं आजही तिच्यावर चालतात. "टायमिंग वाढवलं की ताकद वाढते" म्हणत फाइल घेऊन पोर्ट घासणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की एक्झॉस्ट जास्त वेळ उघडं ठेवलं तर ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खालचा पिकअप जातो. त्यातून पाइपची लांबी जुळत नसेल, तर सायलेन्सरमधून परत येणारी दाबाची लाट चुकीच्या वेळी पोचते आणि वरचाही फायदा हाती लागत नाही. घासलेला धातू परत येत नाही.

दुसरं टायमिंग पेट घेण्याचं. या इंजिनात स्पार्क नाही. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने 1947 मध्ये बाजारात आणलेला ग्लो प्लगच अजून आपण वापरतो. प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची वाफ आली की रासायनिक क्रियेने तार तापते, आणि एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी काढली तरी ती लाल राहते. पेट कधी घ्यायचा हे प्लग किती गरम जातीचा आहे, कॉम्प्रेशन किती आहे, इंधनात नायट्रो किती आहे आणि मिश्रण किती लीन आहे, या सगळ्यांतून मिळून ठरतं. म्हणून "जितकं लीन तितकं वेगवान" हे अर्धसत्य जीवघेणं ठरतं. मिश्रण लीन होत गेलं की पेट लवकर घेतला जातो, पिस्टन अजून वर येत असतानाच वरून दाबाचा तडाखा बसतो. प्लग काढून पाहा: तार चुरगळलेली, राखाडी, खरबरीत दिसली तर आत हेच चाललं आहे. नायट्रोचं प्रमाण वाढवलं असेल तर हेडखाली 0.1 मिलिमीटरची शिम वाढवून कॉम्प्रेशन थोडी उतरवायची. नीडल आणखी पिळायची नाही.

तापमानाच्या "जादुई आकड्या"चंही तसंच. कुणी 230 अंश फॅरनहाइट सांगतं, कुणी 250. ट्रॅक्ससच्या पुस्तिकेत 200 ते 270 असा लांबलचक पट्टा आहे, आणि तो लांबलचक आहे याला कारण आहे. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात आणि मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात एकाच ट्यूनिंगवर एकच आकडा कसा येईल? शिवाय तापमान मोजायची इन्फ्रारेड गन चकाकत्या ॲल्युमिनियमवर धरली तर प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवते. आकडा फक्त कालच्याशी आज ताडून पाहायला वापरा. निर्णय धुरावर घ्या: पूर्ण थ्रॉटललाही निळसर रेघ दिसलीच पाहिजे. स्लोवर असताना इंधनाची नळी चिमटीत धरा. आवाज जरासा चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर खालची नीडल ठीक आहे. आणि मुंबईहून पुण्याला गाडी नेलीत तर ट्यूनिंग पुन्हा करा, पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे, हवा विरळ असल्याने तेच इंजिन तिथे थोडं रिच चालतं.

बाकीचे गैरसमज भराभर. "नायट्रोत पेट्रोलपेक्षा जास्त शक्ती असते": किलोमागे नायट्रोमिथेनमध्ये 11 मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये 44, पण एक किलो नायट्रोमिथेनला जेमतेम 1.7 किलो हवा पुरते आणि पेट्रोलला 14.7 लागते, म्हणून त्याच हवेत कितीतरी जास्त नायट्रो जाळता येतं. "जास्त नायट्रोने इंजिन झिजतं": झिजवते ती धूळ, आणि तेल न लावलेला एअर फिल्टर एक-दोन टाक्यांत नव्या इंजिनाची वाट लावतो. "आफ्टर-रन तेल म्हणजे विकण्याचा बहाणा": मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जळताना आम्लं तयार होतात, आणि कोकणातल्या दमटपणात मागचं बेअरिंग गंजायला आठवडाही पुष्कळ होतो. "खोक्यावरचा 36,000 आरपीएम म्हणजे मैदानातला": म्हणजे सेकंदाला 600 फेरे, गाडीचा भार घेऊन हा आकडा गाठणं वेगळी गोष्ट आहे.

एक शेवटचा, आणि हा सर्वांत धोकादायक. लोक या गाडीला "पेट्रोलवरची गाडी" म्हणतात, म्हणून कुणीतरी खरोखरच तिच्यात पेट्रोल ओततं. इंजिन तर चालत नाहीच, कारण प्लॅटिनमची तार मिथेनॉलवर तापते तशी पेट्रोलवर तापत नाही, आणि पेट्रोलमधून वंगणही मिळत नाही. याहून वाईट असतं ते इंधन हाताळण्यातला निष्काळजीपणा. त्यातलं मिथेनॉल हे विष आहे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून जास्त माणसं ज्या दारूने गेली, तिच्यात हेच होतं. ते कातडीतून आत शिरतं, आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसतही नाही. टाकी भरताना हातमोजे घाला, इंधन मूळ डब्यातच ठेवा, आणि घरात लहान मुलं असतील तर ते कधीही, एका दिवसासाठीसुद्धा, पाण्याच्या बाटलीत भरू नका.