मनगटावरची झोप

स्लीप लॅबमधल्या रात्रीची सुरुवात डोकं मोजण्यापासून होते. नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. तंत्रज्ञ ताई पेन्सिलीने खुणा करतात, तिथली त्वचा खरखरीत जेलने घासतात आणि पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवतात. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, नडग्यांवर, छातीवरही वायरी. नाकाशी नळी, छातीपोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. मग शेजारच्या खोलीतून माइकवर आवाज येतो, “काका, छताकडे बघा. आता दात आवळा. उजवं पाऊल हलवा. श्वास रोखून धरा.” प्रत्येक हालचालीची रेघ पडद्यावर नीट उमटली, तरच दिवा मालवायचा.

काकांच्या मनगटावर त्यांचं स्मार्ट घड्याळही होतं. ते राहू द्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

या घड्याळापाशी मेंदूची खबर नसते. त्यातला ॲक्सेलरोमीटर हाताची हालचाल टिपतो, हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून नाडी ओळखतो. हात स्थिर, नाडी संथ, म्हणजे माणूस झोपला असावा, असा त्याचा हिशोब. गाढ झोप किती आणि रेम म्हणजे स्वप्नांची झोप किती, हाही त्यावरूनच बांधलेला अंदाज.

दिवे मालवल्यावर काका निपचित पडून होते. पडद्यावर मात्र सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी चालूच होत्या. डोळे मिटलेले, पण माणूस जागा. बऱ्याच वेळाने त्या विरल्या. सकाळी काकांचा मोबाइल पाहिला, तर घड्याळाने त्या जागेपणाचा बराचसा भाग झोपेत धरला होता. ही या उपकरणांची ठाऊक असलेली उणीव आहे: झोप ती चांगली ओळखतात, जागेपण नाही. निद्रानाशाच्या रुग्णाला याचा खरा त्रास होतो. रात्रभर न हलता तळमळणाऱ्या माणसाला घरचे म्हणतात, “झोपलात की सात तास, घड्याळच सांगतंय!” त्याचं दुखणं असं खोटं ठरावं, हे मला फार वाईट वाटतं. याची उलट बाजूही आहे. घड्याळातले आकडे सुधारण्याच्या काळजीनेच ज्यांची झोप उडते, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव सुचवलं.

मध्यरात्रीनंतर काकांच्या नाकाशी येणाऱ्या हवेची रेघ सपाट झाली. छातीपोटाचे पट्टे मात्र हलत होते. शरीर श्वास ओढत होतं, पण घसा मिटला होता. ऑक्सिजनचा आकडा थोड्या वेळाने घसरला, मेंदूत क्षणभर जाग उमटली, घोरण्याचा एक मोठा आवाज आणि श्वास सुरू. निदान १० सेकंदांचा असा प्रत्येक अडथळा मोजतात. तासाला सरासरी ५ पर्यंत ठीक, १५ च्या पुढे मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र स्लीप ॲप्निया.

रात्र ३० सेकंदांच्या पानांत वाचली जाते. आठ तासांची ९६० पानं. संगणक मदत करतो, तरी ताई पान न् पान डोळ्यांखालून घालतात.

मग घड्याळ कशाला? लॅबमधली रात्र एखादीच असते, तीही परक्या पलंगावर, वायरींच्या गुंत्यात. घड्याळ महिनोन्‌महिने घरी सोबत असतं. काका कधी आडवे होतात, सुट्टीच्या दिवशी वेळ किती सरकते, हे डॉक्टरांनी त्यातूनच वाचलं. रोजच्या ‘स्लीप स्कोर’वरून मात्र नजरही फिरवली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने ॲपलच्या घड्याळातल्या स्लीप ॲप्नियाच्या सूचनेला परवानगी दिली. तीही ३० दिवसांची नोंद पाहून तपासणीकडे बोट दाखवते, निदान करत नाही.

डॉक्टरांनी सर्वांत जास्त वेळ दिला तो काकूंना. घोरणं मध्येच थांबतं का, किती वेळ, दचकून उठतात का, दिवसा टीव्हीसमोर डुलक्या येतात का? काकूंनी मोबाइलवर केलेलं घोरण्याचं रेकॉर्डिंगही त्यांनी कानाला लावून ऐकलं. पुढची रात्र, मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप मशीनचा दाब ठरवण्यासाठी ठेवली आणि येताना घड्याळातल्या झोपण्या-उठण्याच्या वेळा पुन्हा घेऊन यायला सांगितलं.