साय, तूप आणि मटणाची चरबी

म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच म्हशीच्या दुधावर भाकरीसारखी जाड साय धरते. ती विरजून, घुसळून, लोणी कढवले की हाती येते ते तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी. गाईचे तूप पिवळसर दिसते ते बीटा-कॅरोटीनमुळे; म्हैस त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरे.

दुधातील चरबीचा सुमारे दोन तृतीयांश भाग संपृक्त असतो. त्यातले पामिटिक आम्ल रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवते; स्टिअरिक आम्ल फारसे वाढवत नाही. मटणाचा रस्सा निवल्यावर वर जो पांढरट थर गोठतो, त्यात ही दोन्ही आम्ले असतात.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू थोडे ट्रान्स फॅटही तयार करतात. दुधामांसात ते अल्पच उतरते. खरी बदनामी ओढवून घेतली ती वनस्पती तुपाने. भारतात २०२२ पासून कारखानी ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त चरबीतून रोजच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक मिळू नयेत. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. चहाच्या चमचाभर तुपात अंदाजे ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते. वरणभातावरची धार या हिशेबात सहज बसते. तुपात बुडवलेल्या चार पुरणपोळ्या बसत नाहीत.