लाकूड आणि लकाकी : भाग ७ – ओल्या हवेतलं पॉलिश

जुलै-ऑगस्टमध्ये पुणे–लोणावळा लोकलने बेगडेवाडी सोडून घोरावाडीला उतरलं की हवेतला दमटपणा अंगाला लागतो. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, दारं चौकटीत अडकतात. पुढे घाटमाथ्याकडे पाऊस वाढत जातो आणि लोणावळ्याला तो वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. महागडी मनगटी घड्याळं ठेवण्यासाठी आरशासारखं चकाकणारं लाकडी कपाट या हवेत करायला घेतलं तर काय होतं, ते आज पाहू. लाकूड घासून, त्याची रंध्रं भरून आपण मागच्या भागात तयार केलं होतं. आता लेप चढवायचा आहे.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या जुन्या पॉलिशपासून सुरुवात करतो, कारण हवेचा खेळ त्यात डोळ्यांना दिसतो. लाखेचा किडा कोशिंब, पळस, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राळ सोडतो. ती खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे केले की चपडा तयार होतो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात कापूस बांधून गादी करतात. पॉलिश आतल्या कापसाला पाजायचं, वर तेलाचा एखादा थेंब लावायचा आणि गादी फळीवर आठाच्या आकड्यात फिरवत राहायची. हात मध्येच थांबला की गादी चिकटते आणि खालचा थर उचलून आणते. कोरड्या दिवसांत गादीच्या मागे क्षणभर धुरकट झाक उमटते आणि लगेच विरते. भर पावसाळ्यात ती विरत नाही. तिथेच थिजते आणि फळी दुधाळ दिसू लागते. पॉलिश पांढरं पडलं म्हणतात ते हेच.

स्पिरिट उडताना फळीची उष्णता घेऊन जातं, त्यामुळे पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा गार होतो. हवा २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २३ अंशांवर असतो. म्हणजे फळी दोन अंशांनी गार झाली तरी ओल्या थरावर दव धरतं आणि राळेत पाण्याचे सूक्ष्म कण अडकतात. तेच ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २१ अंशांच्या जरा वर असतो, तेव्हा जवळपास नऊ अंशांची मोकळीक मिळते. मावळात पॉलिशचं काम दिवाळीनंतर धरावं, असा माझा आग्रह आहे तो या आकड्यांमुळे. घाई असेलच तर खोली बंद करून हवेतली ओल शोषणारं यंत्र लावावं. शेगडी किंवा हॅलोजन हीटर मात्र अजिबात नको, कारण स्पिरिटची आणि थिनरची वाफ पेट घेते. पांढरं पडलेलं चपड्याचं पॉलिश बहुधा वाचवता येतं. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटची हलकी गादी फिरवली की थर पुन्हा विरघळतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

फवाऱ्याने मारायच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरची अडचण हीच आहे, कारण तेही द्रावक उडूनच सुकतं. ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा याच जातीचा रंग १९२३मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि गाडी रंगवायला लागणारे दिवस काही तासांवर आले. आपले रंगारी आजही फवाऱ्याच्या चकचकीत रंगाला डको म्हणतात. पावसात डको मारायची वेळ आलीच तर थिनरमध्ये रिटार्डर घालतात. त्यामुळे द्रावक सावकाश उडतं आणि फळी एकदम गार पडत नाही.

आता कोकणात चला. सावंतवाडीत पाऊस मावळाइतकाच दांडगा, तरी तिथे चिताऱ्यांचं लाखकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलं. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात गंजिफा आणि लाखकामाला नव्याने आधार दिला, तेव्हापासून ही कला पुन्हा लोकांच्या नजरेत आली. कातकामावरच्या लाखेत द्रावक नसतंच. सांगाड्यावर, म्हणजे लेथवर, लाकूड फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याचं पान दाबून झिलई आणतात. काहीच उडून जात नाही, त्यामुळे गारवा नाही, दव नाही, पांढरेपणाही नाही. ओल्या मुलखाला साजेशी ही रीत मला फार मोलाची वाटते. मात्र ती फिरणाऱ्या गोल वस्तूंनाच लागू पडते. कपाटाचं सपाट दार सांगाड्यावर चढत नाही.

जपानी उरुशीचं तंत्र तर आपल्या पॉलिशच्या अगदी उलट आहे. उरुशी हा एका झाडाचा चीक. तो वाळत नाही, त्यातल्या विकराच्या मदतीने हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला दमट हवाच लागते. तिथले कारागीर लेप दिलेली वस्तू मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटात ७०-८० टक्के आर्द्रतेत ठेवतात. आषाढातलं घोरावाडीतलं एखादं घर त्यांना आयतंच सोयीचं झालं असतं.

घड्याळांच्या आलिशान कपाटांवर आज जो काळाभोर, खोल दिसणारा थर असतो तो बहुतेकदा पॉलिएस्टरचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असतो. पियानोवर असतो तोही पॉलिएस्टरच. त्यातलं स्टायरीन बहुतांशी उडून न जाता थरातच बांधलं जातं, म्हणून एकेक हात जाड बसतो. त्यात मिसळलेलं मेण वर तरंगून हवा अडवतं आणि नंतर घासून काढलं जातं. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट मात्र पाण्याशी क्रिया करून कर्बवायू सोडतं. ओल्या हवेत मारलेल्या पीयूत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात ते यामुळे. हेच आयसोसायनेट फवारताना श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून भागत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. मिस्त्रीच्या मजुरीत हा खर्च धरलाच पाहिजे. पॉलिएस्टरमधलं कोबाल्ट आणि पेरॉक्साइड एकमेकांत थेट मिसळलं तर भडका उडतो, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायला हवं.

झळाळी येते ती सपाटपणातून. उजेड एकाच दिशेने परतला तर प्रतिबिंब उमटतं, बारीक उंचवट्यांवर विखुरला तर फळी मंद दिसते. म्हणून थर पूर्ण कडक झाल्यावर ८०० नंबरच्या वॉटर पेपरपासून २०००पर्यंत पाण्याने घासत जायचं आणि मग कंपाउंड लावून बफ फिरवायचा. पारख करायला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहावं. तिची कड सरळ दिसली तर काम जमलं, लहरली तर मागच्या नंबरावर परत जावं. या कामात सर्वांत जास्त चुकतं ते थांबणं. द्रावक आठवडेभर निघत राहतं आणि थर रंध्रांत बसत जातो. घाईने बफ केलेल्या दारावर महिन्याभराने सागाच्या रेषा वर येतात.

अशा काळ्या झळाळीखाली साग गाडू नये, असं माझं ठाम मत आहे. ४० टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण ७-८ टक्के पाणी असतं, ९० टक्क्यांत ते २०च्या घरात जातं. एसी लावलेली खोली आणि बाहेरचा श्रावण यांच्यामध्ये साग सतत फुगत-आकसत राहतो आणि कडक थर सांध्यावर तडकतो. काळ्या आरशासाठी चांगला एमडीएफ घ्यावा, त्याच्या कडा आधी नीट सील कराव्यात आणि जेवढा लेप पुढे तेवढाच मागे द्यावा, नाहीतर दार वाकतं. सागाला चपड्याचं पातळ पॉलिश शोभतं.

घड्याळं लगेच आत ठेवू नयेत. ताज्या लेपातून द्रावकाची वाफ येते, एमडीएफमधून फॉर्मल्डिहाइड, ओकसारख्या लाकडातून अॅसेटिक आम्ल. या आम्लाने शिसं आणि तांब्याचे मिश्रधातू खराब होतात, म्हणून वस्तुसंग्रहालयं काचपेट्यांचं लाकूड निवडताना जपून असतात. कपाट दारं उघडी ठेवून काही आठवडे हवेशीर जागी राहू द्यावं. मग दिवसभर दार बंद करून उघडावं आणि आत नाक घालावं. वास आला तर आणखी थांबावं.

पुढच्या आठवड्यात कपाटाच्या आतलं अस्तर आणि घड्याळं फिरवत ठेवणाऱ्या मोटारी.