कॅसेटवरील व्हिडिओ गेम

कॅसेटवरील व्हिडिओ गेम हे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळले जाणारे आठ-बिट खेळ होत. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या तैवानी व चिनी नकला पुढे भारतभर स्वस्तात विकल्या गेल्या. खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या डबीला महाराष्ट्रात 'कॅसेट' म्हणत. '९९९९ इन १' असे छापलेल्या कॅसेटमध्ये वेगळे खेळ मोजकेच असत. बाकीची नावे त्याच खेळांच्या निरनिराळ्या टप्प्यांची असत.

वीज आणि स्मृती

या यंत्राची कार्यस्मृती केवळ २ किलोबाइट होती व वीज जाताच ती पुसली जाई. 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या कॅसेटमध्ये प्रगती जतन करण्यासाठी बॅटरी होती. स्वस्त कॅसेटमध्ये ही सोय सहसा नसे. २००० च्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होते. (गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला, तोवर या यंत्रांचा बहर ओसरला होता.) अशा ठिकाणी खेळाचे गुणदोष केवळ चित्रांवरून ठरवता येत नाहीत, वीज गेल्यावर खेळाडूच्या हाती काय उरते, हेही पाहावे लागते.

खेळांची तुलना

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या खेळात आठ जगांतील ३२ टप्पे आहेत. उडीवरील नियंत्रण हे त्याचे मोठे बलस्थान होय: बटण जितका वेळ दाबावे तितकी उडी उंच जाते. मात्र पडदा मागे सरकत नाही, दोघांना आळीपाळीनेच खेळावे लागते आणि वीज गेल्यास पुन्हा पहिल्या जगापासून प्रारंभ करावा लागतो. गुप्त नळ ठाऊक असणारा खेळाडू मात्र केवळ आठ टप्पे खेळून शेवट गाठू शकतो.

'कॉन्ट्रा' हा खेळ कोनामीने १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर आणला. दोघांना एकाच वेळी खेळता येणे हा त्याचा खरा आनंद. एकच गोळी लागली तरी जीव जातो आणि आरंभी तीनच जीव मिळतात. त्यामुळे नवख्याला तो निर्दय वाटतो. बटणांच्या ठरावीक क्रमाने ३० जीव मिळवण्याची युक्ती म्हणूनच इतकी प्रसिद्ध झाली. सराव असल्यास त्याचे आठही टप्पे अर्ध्या तासात संपतात.

नामको कंपनीचा 'बॅटल सिटी' (१९८५), म्हणजे मुलांच्या भाषेतील 'टँक', दिसायला सर्वांत साधा आहे. शत्रूचे रणगाडे एकसुरी वागतात, ३५ टप्प्यांनंतर तेच रणांगण पुन्हा येते आणि स्वतःच्या गोळीने स्वतःचाच तळ उद्ध्वस्त होऊ शकतो. तरीही भारनियमनाच्या कसोटीवर तो उजवा ठरतो, कारण आरंभीच हवा तो टप्पा निवडता येतो. त्यात स्वतःचे रणांगणही रचता येते, पण तेही वीज जाताच नाहीसे होते.

बंदुकीचा खेळ

'डक हंट' (१९८४) या खेळात घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो व बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. ही रचना जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचावर अचूक चालते. आजच्या सपाट पडद्यांवर चित्र किंचित उशिरा उमटत असल्याने मूळ बंदुकीने एकही बदक पडत नाही. इतर तीन खेळ मात्र नव्या पडद्यांवरही खेळता येतात.